एका तासाचं कार्ड

आईवर मी खेकसले हे त्या बाईंना कळायचं काही कारण नव्हतं. त्यांना मराठी येत नव्हतं, मला स्पॅनिश दहा-बारा शब्दांपलीकडे येत नव्हतं, आणि हवानाच्या त्या बागेत आमच्या आसपास निदान चाळीस माणसं आपापल्या फोनशी मोठमोठ्यानं बोलत होती. तरी मी फोन मांडीवर आपटला, तेव्हा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या त्या सत्तरीच्या बाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "मामा?" क्षणभर मला माझा सांगलीचा मामाच आठवला. मग डोक्यात प्रकाश पडला आणि मी मान हलवली. हो, आईच. त्यांनी हाताचा पंजा पालथा करून हवेत दोनदा खाली दाबला, झोपेतल्या पोराला थोपटावं तसा. "सुआवे, मिहा, सुआवे." हळू, पोरी, हळू. एवढं बोलून त्या पुन्हा आपल्या फोनकडे वळल्या, जणू चुकून माझ्या पायाला पाय लागला होता आणि त्यांनी सॉरी म्हणून टाकलं होतं.

फेब्रुवारी २०१८ ची गोष्ट. टोरोंटोच्या थंडीला कंटाळून क्युबाला जायचं ही कॅनडात राहणाऱ्यांची जुनी रीत आहे. साडेतीन तासांचं विमान, टुरिस्ट कार्ड तेव्हा विमानातच हातात ठेवायचे. बहुतेक लोक समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये आठवडाभर लोळून परत येतात. मी एकटी निघाले होते आणि मला हवाना बघायची होती. निघताना आईला सांगितलं, तिथे नेट फार नाही, रोज फोन होणार नाही. ती म्हणाली, "बरं." आईच्या 'बरं'चे निदान सात प्रकार आहेत आणि हा त्यातला चौथा होता, म्हणजे 'ऐकलं, पण पटलेलं नाही.' मिरजेत ती एकटी असते. टोरोंटोशेजारच्या मिसिसागाहून मी तिला रोज फोन करते, कधी भाजी चिरताना, कधी गाडी चालवताना. फोन संपवायची दोघींनाही घाई नसते, कारण तो कधी सुरू झाला आणि कधी संपला याचा हिशेब कुणी ठेवत नाही. कॅनडातल्या माझ्या सिमचं रोमिंग क्युबात चालत होतं, पण त्याचे दर वाचूनच मी फोन एअरप्लेन मोडवर टाकला होता.

तेव्हा तिथे मोबाइलवर नेट नव्हतंच. २०१५ च्या उन्हाळ्यात सरकारी टेलिफोन कंपनीनं देशभरात ३५ सार्वजनिक वायफाय ठिकाणं सुरू केली आणि मी गेले तोवर ती संख्या शेकड्यांत गेली होती. ठिकाणं म्हणजे बागा, चौक, रस्त्याचे कठडे. एका तासाचं कार्ड घ्यायचं. कार्डावर बारा आकडी युजरनेम छापलेलं असतं आणि चंदेरी पट्टी नखानं खरवडली की खाली बारा आकडी पासवर्ड. जोरात खरवडलं तर एखादा आकडाच निघून जातो आणि मग तो ३ होता की ८ यावर पूर्ण तास अवलंबून. मी पहिलं कार्ड खरवडलं ते ऑफिसच्या किल्लीनं, दिव्याखाली उभं राहून, श्वास रोखून. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोलणं झालं की नीट बाहेर पडायचं. बाहेर पडायचं पान सापडलं नाही तर १.१.१.१ असा पत्ता टाकायचा, मग 'सेशन बंद' असं बटण येतं. ते न दाबता नुसता फोन खिशात टाकला तर आपण निवांत आइस्क्रीम खात असताना आपली मिनिटं तिकडे गळत राहतात, वॉशर गेलेल्या नळासारखी.

तर त्या संध्याकाळी साडेआठला, म्हणजे मिरजेत सकाळी सातला, मी आईला फोन लावला. आदल्याच दिवशी तिला मोतीबिंदूसाठी डॉक्टरांकडे जायचं होतं. मला दोन गोष्टी हव्या होत्या: ऑपरेशन कधी आणि कुठल्या डोळ्याचं. आईनं सुरुवात केली रिक्षापासून. नेहमीचा रिक्षावाला आला नाही, त्याची मुलगी दहावीला आहे, मग शेजारच्या काकूंचा मुलगा स्कूटरवरून सोडतो म्हणाला, पण स्कूटरवर साडी नेसून बसायचं म्हणजे... मग दवाखान्यात नंबर लावणारी मुलगी, ती निघाली आईच्या शाळेतल्या मैत्रिणीची भाची. चित्र मध्येच थिजत होतं. आईचं अर्धं कपाळ आणि मागे कालनिर्णय एवढंच दिसत होतं. आवाज तुटत होता. मी तीनदा "बरं, मग?" म्हटलं. चौथ्यांदा माझा आवाज चढला. "आई, मुद्द्याचं बोल ना! इथे मिनिटं चाललीत माझी!" पलीकडे एकदम शांत झालं. मला वाटलं, लाइन गेली. मग अगदी स्वच्छ, न तुटता आवाज आला, "बरं, ठेव मग." हा सातवा 'बरं'.

मी बाहेर पडायचं पान उघडलं. शिल्लक वेळ त्यावर लिहिलेला होता.

एकतीस मिनिटं.

त्या एकतीस मिनिटांत मी परत फोन लावला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. मी काय केलं ते सांगायला जरा लाज वाटते. ऑफिसचे मेल पाहिले, सुट्टीवर असूनही. एका निळ्या शेव्हरलेचा फोटो टाकला, त्याला अकरा लाइक आल्या. टोरोंटोचं हवामान पाहिलं, उणे चौदा, आणि बरं वाटलं. तोवर शेजारच्या बाई काय करत होत्या ते मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते. त्यांच्या फोनवर एक तरुण मुलगी आणि तिच्या मांडीवर साधारण वर्षाचं बाळ. बहुधा फ्लोरिडात असावं, कारण मागे भला मोठा फ्रिज होता. बाई काही बोलत नव्हत्या. बाळ फोन चाटत होतं, बाई त्याच्याकडे बघत होत्या. मध्येच जीभ टाळ्याला लावून टक-टक आवाज काढायच्या, बाळ हसायचं, मग परत शांतता. दहा मिनिटं तरी हेच. त्या कार्डाची किंमत तेव्हा एक कुक होती. कुक हे तिथलं तेव्हाचं एक चलन, परदेशी लोकांच्या हिशेबात एक डॉलर. सुरुवातीला तर दोन होती. सरकारी नोकरीतला सरासरी पगार महिन्याला तीस कुकच्या आसपास. म्हणजे त्या बाईंनी जवळजवळ एका दिवसाची कमाई मोजून ते टक-टक विकत घेतलं होतं. मला तो डॉलर टोरोंटोत पार्किंगच्या मीटरमध्ये टाकताना जाणवतही नाही. आणि मिनिटं मोजत होते मी.

नंतरच्या दिवसांत मला ते बघायचा नादच लागला. वेदादो भागातला तेवीस नंबरचा रस्ता समुद्राकडे उतरतो, त्या उताराला ला रांपा म्हणतात. तिथे संध्याकाळी फुटपाथच्या कडेला ओळीनं माणसं बसलेली, चेहरे खालून उजळलेले, दिवाळीत पणत्यांवर वाकलेल्या पोरांसारखे. कुणाचंच बोलणं खासगी नाही. एक मुलगा मैत्रिणीला नवे बूट दाखवतोय, आधी डावा, मग उजवा, मग तळवे. एक आजोबा फोन कानालाही लावतायत आणि व्हिडिओही चालू, त्यामुळे पलीकडच्याला फक्त त्यांचा कान दिसत असणार. माझ्या आईचीही तीच पद्धत. एक बाई रडतेय आणि तिच्या दोन्ही बाजूंची माणसं आपापल्या फोनवरून नजर न हलवता थोडी सरकून तिला जागा करून देतायत. मिनिटं महाग आहेत म्हणून कुणी तारेसारखं 'पोचलो, खुशाल, पैसे मिळाले' असं बोलताना मला तरी दिसलं नाही. उलट महाग आहेत म्हणूनच बहुतेक फालतू गोष्टींवर उधळत होते. कुत्रा दाखवणं, पडदे दाखवणं, तिकडचा पाऊस बघणं. कामाचं बोलणं शेवटच्या दोन मिनिटांत, घाईनं उरकायचं.

कार्डं मिळायची टेलिफोन कंपनीच्या ऑफिसात, पासपोर्ट दाखवून, एका वेळी फार तर तीन. बाहेर रांग. पण ती रांग रांगेसारखी दिसतच नाही. दहा-पंधरा माणसं इकडेतिकडे सावलीला विखुरलेली. कुणी कठड्यावर, कुणी झाडाखाली, कुणी रस्त्यापलीकडे सिगारेट ओढतंय. आपण गेलो की मोठ्यानं विचारायचं, "एल उल्तिमो?" शेवटचा कोण? एक हात वर होतो. आता शेवटचे आपण. पुढचा येऊन विचारेल तेव्हा आपण हात वर करायचा, आणि मग आपणही सावलीला जायला मोकळे. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मला खुदकन हसू आलं, कारण मला मिरजेतली रॉकेलची रांग आठवली. तिथे माणसांऐवजी डबे उभे असायचे. आमचा पाच लिटरचा, झाकणाला चिंधी बांधलेला डबा माझ्याऐवजी तासन्‌तास रांगेत सरकायचा आणि मी पलीकडे लंगडी खेळत असायचे. डबा पुढे ढकलायची जबाबदारी मागच्या डब्याच्या मालकाची. फसवणूक फारशी कुणी करायचं नाही, केली तर बायका अशी काही तोंडं सोडायच्या की परत हिंमत होऊ नये. हवानातल्या रांगेतही एकानं मध्येच घुसायचा प्रयत्न केला. नऊ हात एकदम वर झाले.

आणि मग अर्थातच तो बूथ आठवला, जो आठवणं मी टाळत होते.

बाबा तेव्हा अंकलेश्वरला होते, केमिकल कारखान्यात. आम्ही दोघी मिरजेत. आठवड्यातून एकदा रात्री अकरा वाजून गेले की, म्हणजे पाव दर लागला की, स्टेशन रस्त्यावरच्या एसटीडी बूथवर जायचो. ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल, मी दहा वर्षांची. बूथमध्ये काचेचं दार, आत एकाच माणसाला बसेल एवढी जागा, सनमायकावर पेननं लिहिलेले फोन नंबर आणि बदाम, आणि डोळ्यांसमोर तो लाल आकड्यांचा मीटर. कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये एकच फोन होता. चौकीदार बाबांना बोलवायला जायचा तोवर मीटर चालूच. आई पदराच्या टोकात पैसे बांधून आणायची आणि हातात कागद: फी, गॅस, आत्याचं पत्र, दाढ. ती यादी वाचायची, बाबा हो-नाही म्हणायचे. शेवटी रिसीव्हर माझ्याकडे यायचा. मला काय सांगायचं असायचं? मांजरीला पिल्लं झाली, तीन, त्यातलं एक पांढरं आहे पण त्याची शेपटी... इतक्यात आईचा हात यायचा. "पुरे, पल्स पडली." आणि दांडीवर बोट. शेपटीचं वाक्य कधी पूर्ण झालं नाही. घरी येताना मी फुरंगटून चार पावलं मागे चालायचे आणि ती मागे वळून न बघता म्हणायची, "पत्रात लिही."

म्हणजे "मिनिटं चाललीत" हे मी शिकले कुणाकडून ते उघड आहे. हवानाच्या बाकावर हे लक्षात आलं तेव्हा आधी बरं वाटलं, चला, फिटंफाट झाली. मग ते बरं वाटणं काही टिकलं नाही. तिच्या पदराला मोजके पैसे बांधलेले असायचे. माझ्या पाकिटात न खरवडलेली दोन कार्डं होती.

मी राहत होते ती घरगुती खोली होती, कासा पार्तिकुलार; दारावर जहाजाच्या नांगरासारखी निळी खूण असली की समजायचं इथे पाहुणे ठेवतात. मालकीणबाई पन्नाशीच्या, निवृत्त शिक्षिका, आवाज शाळेतलाच राहिलेला. त्यांच्याकडे नेट नव्हतं, पण बैठकीत एक जुना लँडलाइन फोन होता, खाली क्रोशाचा रुमाल, आणि खरं सांगायचं तर पूर्ण क्युबा त्या फोनवर चालत होता असं मला वाटलं. शेजारीपाजारी येऊन फोन करून जायचे. ज्यांच्याकडे मोबाइल होते तेही एकदा वाजवून ठेवून द्यायचे, बोलायचे नाहीत. एक रिंग म्हणजे 'निघालो', दोन म्हणजे 'खाली ये'. मिस्ड कॉलची ही भाषा मला कुणी समजावून सांगावी लागली नाही. मला विन्यालेसला जायचं होतं, तंबाखूची शेतं आणि त्यातून हत्तींसारखे उठलेले चुनखडीचे डोंगर बघायला. मी ऑनलाइन बुकिंगची काळजी करत होते. बाईंनी मला हातानं गप्प केलं, वही काढली, फोन फिरवला, पलीकडच्या कुणाला तरी 'मी आमोर' म्हणून दहा मिनिटं गप्पा मारल्या. त्यात माझ्याबद्दल एकच वाक्य होतं, एवढं मला कळलं, कारण 'इंदिया' हा शब्द एकदाच आला. दुसऱ्या दिवशी विन्यालेसला बस थांबली तेव्हा एक बाई पुठ्ठ्यावर माझं नाव लिहून उभी होती. नाव चुकलेलं होतं, पण बसमधून उतरलेली साडेपाच फुटांची सावळी बाई मी एकटीच असल्यामुळे तिनं मला थेट दंडालाच धरलं.

मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात मला सगळ्यात ओळखीचा वाटला तो त्यांचा कुकर. २००५ मध्ये महिला दिनाच्या एका लांबलचक भाषणात फिडेल कॅस्ट्रोंनी घरोघरी स्वस्तात प्रेशर कुकर आणि राईस कुकर देण्याची घोषणा केली होती, वीज आणि इंधन वाचवायला. बाई ते भाषण अजून सांगतात, हातवारे करून. राज्यकर्त्यानं कुकरमध्ये राजमा किती वेळ शिजवायचा यावर बोलावं, हे त्यांना थोडं हास्यास्पद वाटतं आणि थोडा अभिमानही वाटतो, दोन्ही एकाच वाक्यात. त्यांचा काळा राजमा, फ्रिहोलेस नेग्रोस, रोज सकाळी शिजायचा. कुकर आमच्यासारखी शिट्टी देत नाही, नुसता फुसफुसत राहतो. मी शिट्टीचा आवाज काढून दाखवला तेव्हा त्यांनी दचकून गॅसकडे पाहिलं.

त्यांचा मुलगा नेटशिवायचं नेट चालवायचा. दर आठवड्याला कुणीतरी हार्ड डिस्क घेऊन यायचा, त्यात एक टेराबाइटभर सिनेमे, मालिका, गाणी, ॲप, मासिकं, खरेदी-विक्रीच्या जाहिरातीसुद्धा. याला म्हणतात एल पाकेते, पुडकं. एक-दोन कुक द्यायचे, हवं ते उतरवून घ्यायचं, डिस्क पुढच्या घरी. कोरियन मालिका त्याच्या आईच्या, फुटबॉल त्याचा. मला तो म्हणाला, तुमच्याकडे सगळं असतं, मग तुम्ही बघता काय? मी म्हटलं, तासभर काय बघायचं ते शोधतो आणि मग झोपतो. त्याला हा विनोद वाटला.

एका दुपारी जुन्या हवानात फिरताना ग्रान तेआत्रो या नाटकघराच्या पायऱ्यांवर बसले होते. पांढरीशुभ्र, लाडूवर बेदाणे लावावेत तशी पुतळे लावलेली इमारत. त्या जागी पूर्वी तेआत्रो ताकोन होतं, आणि १८३५ मध्ये हवानाला आलेला अंतोनियो मेउच्ची नावाचा इटालियन माणूस तिथे नाटकघराचं तांत्रिक काम बघायचा. हा फावल्या वेळात लोकांना विजेचे झटके देऊन दुखणी बरी करायचा प्रयत्न करत असे. १८४९ मध्ये एका रोग्याच्या तोंडात त्यानं तारेला जोडलेला तांब्याचा तुकडा दिला आणि स्वतः दुसऱ्या खोलीत तारेचं दुसरं टोक घेऊन बसला. झटका बसला, रोगी ओरडला, आणि मेउच्चीला ती किंकाळी तारेतून आल्यासारखी ऐकू आली. ही हकीकत त्यानंच पुढे सांगितलेली. टेलिफोनच्या शोधाचं श्रेय शेवटी बेलला मिळालं; मेउच्ची गरिबीत गेला आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहानं ठराव करून त्याच्या कामाची दखल घेतली. तो वाद वकिलांवर सोडू. माझ्या डोक्यात मात्र तो ओरडणारा रोगीच बसला. हवानात तारेवरून पहिल्यांदा पलीकडे गेलं ते कुणाचं ओरडणं. त्यात शब्द काय होते हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, आणि मेउच्चीला ते कळण्याची गरजही पडली नसावी.

बाकावरच्या बाईंनाही माझं ओरडणंच ऐकू गेलं होतं.

समुद्राच्या भिंतीवर, मालेकोनवर, रात्री बसलं की उत्तरेला नुसता काळोख दिसतो. त्या काळोखात एकशे सत्तर किलोमीटरच्या आसपास फ्लोरिडाचं की वेस्ट बेट आहे. १९२१ मध्ये तिथून हवानापर्यंत समुद्राखालून टेलिफोनची तार आली होती. आणि या जमान्यातली इंटरनेटची केबल? ती २०११ मध्ये आली व्हेनेझुएलाहून, सोळाशे किलोमीटर समुद्र ओलांडून, बेटाच्या दुसऱ्या टोकाला सांतियागोजवळ, आणि ती प्रत्यक्ष वापरात आल्याचं जगाला कळलं २०१३ मध्ये. शेजारच्या भिंतीपलीकडच्या घराशी बोलायला गावाला वळसा घालून जायचं. वाटण्या झालेल्या वाड्यांमध्ये मी हे पाहिलं आहे. आमच्याच वाड्यात काकांकडे वाटीभर साखर पाठवायची तर मागच्या गल्लीतून जावं लागे, कारण मधलं दार १९८१ साली खिळे मारून बंद केलं होतं.

मी परत आले त्याच वर्षी डिसेंबरात तिथे मोबाइलवर नेट सुरू झालं. बागांमधली गर्दी हळूहळू विरळ झाली असणार. मालकीणबाईंशी आता व्हॉट्सॲपवर बोलणं होतं; त्या मोठमोठे आवाजी निरोप पाठवतात, मी ते भाषांतराच्या ॲपमध्ये घालते आणि काहीतरी भलतंच कळतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये पूर्ण बेटाची वीज गेली तेव्हा माझ्या निरोपापुढे कितीतरी वेळ एकच टिक होती. मग एकदम दोन झाल्या आणि त्यांचा निरोप आला, फ्रीजमधलं मांस शेजाऱ्यांना वाटून शिजवून टाकलं, सगळे गच्चीवर जेवलो. मी आईला तो निरोप ऐकवला. ती म्हणाली, "बाई शहाणी दिसते."

पण मला सांगायचं होतं ते त्या बागेतल्या दुसऱ्या संध्याकाळचं.

मी नवी तीन कार्डं घेतली होती. मनात काहीतरी होतं, क्षमा वगैरे मागावी असं, पण आमच्या घरात ती पद्धत नाही. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी 'जेवलीस का' विचारतात. मी मुद्दाम त्याच बाकावर गेले. बाई होत्या. त्यांच्या हातात आज फोन नव्हता, शेंगदाण्याची पुडी होती, कागदाचा लांब निमुळता कोन. त्यांनी ती माझ्यापुढे धरली. मी दोन दाणे घेतले, कार्ड खरवडलं, आकडे टाकले, फोन लावला. मिरजेत साडेसात वाजले होते. चित्र आलं: छताचा पंखा आणि आईच्या केसांची एक बट.

"बोल," आई म्हणाली. "काय ते पटकन सांग. तुझी मिनिटं जातील."

"जाऊ देत. जेवलीस का?"

"सकाळी साडेसातला?"

मी गप्प. बाई दाणे सोलत होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या, पण त्यांचं सोलणं थांबलं होतं.

"ऑपरेशन कधी म्हणाले?"

"सत्तावीस तारखेला. उजव्या डोळ्याचं. काल तेच सांगत होते." मग जरा थांबून, "ती दवाखान्यातली मुलगी म्हणाली, सत्तावीसला गर्दी कमी असते. अगं, तीच, कुंदाची भाची. तिच्यामुळेच तर तारीख मिळाली लवकर."

म्हणजे ती मुद्द्यावरच येत होती. रिक्षातून, स्कूटरवरून, कुंदाच्या भाचीच्या हाताला धरून.

"स्कूटरवर मग साडी नेसून बसलीस की नाही?" मी विचारलं.

"थांब, कुकर बघते," आई म्हणाली, आणि फोन कशाला तरी टेकवून गेली. बहुधा पोह्यांच्या डब्याला. आता पडद्यावर नुसता पंखा. पाण्याचा आवाज, भांड्याचा आवाज, खाली कुणीतरी 'दूऽऽध' म्हणत गेलं. तिला फोन चालू आहे याचा विसर पडला असावा किंवा पडला नसावा. मी ठेवला नाही. आधी मला सवयीनं कोपऱ्यातलं घड्याळ बघायचं होतं, पण फोनवर आईचा पंखा होता आणि घड्याळ बघायला तो बाजूला सारावा लागला असता. पंखा एका बाजूला जरा हलतो, ते मला गेल्या दिवाळीत गेले तेव्हाच इलेक्ट्रिशियनला सांगायचं होतं. मी आणि त्या बाई दोघी मिळून तो पंखा बघत बसलो. त्यांनी मला अजून दाणे दिले.

मग कुकरची शिट्टी झाली. हवानाच्या त्या बागेत, फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून, चांगली कडक. समोरच्या बाकावरच्या दोन पोरांनी मान वर केली. बाई माझ्याकडे वळल्या आणि भुवया उंचावून म्हणाल्या, "फ्रिहोलेस?"

तूरडाळीला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात मला माहीत नव्हतं. "सी," मी म्हटलं. "फ्रिहोलेस."

आतून आईचा आवाज आला. "कोण गं ती? काय म्हणतेय?"

"विचारतायत, काय शिजतंय."

"डाळ म्हणून सांग," आई ओरडली. "आणि थांब, अजून दोन व्हायच्यात."